‘काळवेल’च्या पाच प्रती

पंख असलेली मगर आली, तेव्हाच मी ‘काळवेल’ ही कादंबरी बाजूला ठेवायला हवी होती. आम्ही कृष्णाकाठची माणसं. मगर पुळणीवर ऊन खात पडते आणि मनात आलं तर एखादं कुत्रं ओढते, एवढं आम्हाला ठाऊक. ती उडते, राणीशी बोलते, वर तिला राजकारण शिकवते, हे वाचून मला वाटलं, लेखिका तासगावची असली तरी नदीवर कधी गेलेली नसावी.

मी कालिंदी दांडेकर. चौतीस वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे लोकांची पुस्तकं छापण्याआधी वाचून त्यांतल्या चुका काढल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं, की माणूस नम्र राहत नाही. मी तरी राहिले नाही.

दर शनिवारी चार वाजता मिरजेत समीर सितारमेकरच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही चौघं जमायचो. खाली त्याचे कारागीर तंबोऱ्याच्या तारा पिळत असायचे. वर दोरीला वाळत टांगलेले भोपळे आणि त्यांच्याखाली आम्ही, अद्भुत कादंबऱ्यांवर मतं देत बसलेले. हा उद्योग सुरू केला मंदानं. मंदा शिरगुप्पे, माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचे यजमान गेल्यावर ती म्हणाली, “ज्यात दवाखाना नाही असं काहीतरी वाचूया.” मग जादूची राज्यं, शापित तलवारी, बोलणारे डोंगर सुरू झाले. मी गेले ते तिच्यासाठी. टिकले ते हसायला मिळायचं म्हणून.

चौथे रावसाहेब चौगुले. साखर कारखान्यात मुख्य रसायनतज्ज्ञ होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. कुठल्याही कादंबरीवर त्यांचं मत ‘विचार करायला लावणारी’ असंच असायचं. विचार मात्र त्यांनी केल्याचं कधी दिसलं नाही.

त्या वर्षी आम्ही सगळे पाटीवर वाचायला लागलो होतो. पाटी म्हणजे वाचनाचं ते पातळ, कागदासारखं दिसणारं यंत्र. आता घरोघरी झालंय. ‘काळवेल’ तिच्यावरच आली होती, ‘चैतन्य आवृत्ती’ म्हणून. नाव वाचून मी नाक मुरडलं आणि ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवून पुढे गेले.

“महामंत्री कण्हेर म्हणजे काय माणूस उभा केलाय!” एका शनिवारी चौगुले म्हणाले. “राणीला पदोपदी सावरतो. वय झालंय, पण डोकं कसं तल्लख.”

“कोण कण्हेर?” मी विचारलं.

“अहो, अर्धी कादंबरी त्याची आहे!”

“मला तर मगर आवडली,” समीर म्हणाला. “राणी वेण्णा तिच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडते ना, तो भाग मी तीनदा वाचला. सोळा पानं कोणी एक शब्द बोलत नाही.”

“सोळा पानं? माझ्या वाचनात मगरीचं तोंड एकदाही बंद झालं नाही.”

मंदा हळूच म्हणाली, “येरळेचं बरं झालं.”

“येरळा? ती दरबारातली लेखनिका? तिला चार ओळी आहेत, मंदा.”

“असतील,” असं म्हणून तिनं पाटी पिशवीत घातली.

मी मनात निकाल दिला. चौगुल्यांना वाचताना डुलकी लागते आणि स्वप्नात दिसलेलं ते कादंबरीत घालतात. समीर फक्त मगर आली की जागा होतो. मंदा बिचारी, तिचं लक्षच नसतं. त्यांनीही माझ्याबद्दल असंच काहीतरी ठरवलं असणार. असे तीन महिने गेले. आम्ही एकमेकांना इतकं मूर्ख समजत होतो, की काही वेगळं घडतंय अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही.

मग समीरनं लेखिकेलाच बोलावलं.

तेजल खोत एकोणतीस वर्षांची होती. तासगावात बेदाण्याच्या शीतगृहात नोकरी करायची. येताना बेदाण्यांची पुडी घेऊन आली आणि मतं लिहून घ्यायला एक वही. पहिली पाच मिनिटं तिनं भराभर लिहिलं. चौगुले कण्हेरावर बोलायला लागले, तशी तिची लेखणी थांबली.

“कण्हेर?” ती म्हणाली. “काका, तो दुसऱ्या प्रकरणात तापानं जातो.”

“जातो? अहो, शेवटच्या लढाईची सगळी आखणी त्याची आहे!”

ती कसंनुसं हसली. मला वाटलं, पोरीला स्वतःचं पुस्तक धड आठवत नाही. अशी संधी मी कशी सोडीन?

“तेजल, मी स्पष्ट बोलते,” मी म्हणाले. “भाषा बरी आहे. पण तुझ्या अख्ख्या राज्यात एक धड माणूस नाही. राणी मूर्ख, तिचा भाऊ अग्रण महामूर्ख, सेनापतीला डावं-उजवं कळत नाही. प्रत्येकजण तोंड उघडतो आणि स्वतःचं हसं करून घेतो. लेखकाला माणसांबद्दल इतकी तुच्छता असेल तर त्यानं लिहूच नये. आणि राणी भावाला हाका मारत विहिरीत पडते, तो प्रसंग तर निव्वळ पोरकट.”

तेजल पांढरीफटक पडली. “राणी विहिरीत पडत नाही, काकू.”

“पान दोनशे बारा.”

“माझ्या पुस्तकात विहीरच नाही.”

मी पाटी काढली, दोनशे बारावं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं. मग समीरची पाटी मागितली, मग चौगुल्यांची. तिन्हींवर तेच प्रकरण, तेच नाव, तोच पानाचा आकडा. खाली मात्र पहिल्या ओळीपासून तीन वेगळी पुस्तकं.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “यातलं काहीच मी लिहिलेलं नाही.”

मंदानं आपल्या पाटीवर हात ठेवला होता. “माझी नको,” ती म्हणाली. आम्ही सगळे इतके गडबडून गेलो होतो, की तिला कोणी आग्रह केला नाही.

आम्ही न वाचलेल्या अटी चौगुल्यांनी तिथेच बसून वाचून काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं काहीतरी ऐकण्यासारखं वाटलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत नाही, उड्या मारतो. एका शब्दावर पाव सेकंद टेकतो की पुढे. अनोळखी शब्दावर जास्त रेंगाळतो, ओळखीच्यावर कमी. पण मन भलतीकडे गेलं की हा फरक उरत नाही. डोळा नुसता यंत्रासारखा पुढे जात राहतो. म्हणजे तुम्ही वाचताय की नुसते बघताय, हे बाहेरून कळू शकतं. दुसरं असं, की काही भावलं, मग ते आवडून असो की राग येऊन, की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. आपल्याला पत्ता लागत नाही, पण पाटीच्या कडेला कॅमेरा आहे, त्याला लागतो.”

“मग?”

“मग तुम्ही पान वाचत असता, तेव्हा यंत्र पुढच्या पानाचे तीन-चार मसुदे तयार ठेवतं. तुमची बाहुली कुठे मोठी झाली ते बघतं आणि त्यातला एक पुढे सरकवतं. तिथे परत मोजतं. आम्ही कारखान्यात उसाच्या रसाची गोडी मोजायचो ना, तसं हे आपली मोजतं. पहिल्या प्रकरणात फरक दोन-चार शब्दांचा असेल. शंभराव्या पानाला लेखिका संपलेली असते.”

“अटींत काय लिहिलंय?”

“‘वाचकाच्या रुचीनुसार किरकोळ भाषिक जुळवणी.’”

आयुष्यभर बारीक टायपातलं वाचून मी पोट भरलं होतं आणि ही ओळ मी वाचली नव्हती.

“माझ्या करारातही हेच शब्द होते,” तेजल म्हणाली. “मला वाटलं, कठीण शब्द सोपे करतील. मागच्या महिन्यात त्यांनी कळवलं, शंभरातले एक्याण्णव वाचक शेवटपर्यंत पोचले. मी आईसाठी पेढे नेले होते.”

ती वही तिथेच विसरून गेली. आणि त्या गडबडीत मंदा तिची पाटी.

पाटी परत करायची म्हणूनच मी ती घरी नेली. हे मी शपथेवर सांगू शकते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती उघडली, ते मात्र कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मंदाची आवड बघून हसायला मिळेल, असं वाटलं असेल.

तिच्या ‘काळवेली’त राणी नावापुरती होती. मगर तर जवळजवळ नव्हतीच. सगळं पुस्तक येरळेचं होतं. बारीक बांध्याची, स्फटिकाच्या भिंगातून बघणारी, कोणीही काहीही लिहून आणलं की ‘पुन्हा लिही’ म्हणणारी दरबारी लेखनिका. आणि पानोपानी तिचा अपमान होत होता. राणी तिचे कागद फाडून तिच्याच डोक्यावर उधळते. दरबारी तिला शाईच्या पिंपात बुचकळून काढतात. पोपट तिची नक्कल करतो आणि गाव हसतं. तिसऱ्या प्रसंगापर्यंत मीही हसले. लिहिलं झकास होतं.

चौथ्यात एक विधवा अर्ज घेऊन येते. येरळा तो वाचते, खुणा करते आणि परत देते. मग सगळा दरबार उठून उभा राहतो आणि येरळेला वेशीबाहेर घालवतो. पुढच्या प्रकरणात दुसरी विधवा, दुसरा अर्ज, पुन्हा तेच. मग तिसरी. साठ पानांत सात विधवा आल्या. यंत्रानं कितीतरी गळ टाकून बघितले असतील, त्यातला हा लागला. मग ते तोच टाकत राहिलं, आणि मंदा दर वेळी तिथे थांबत राहिली.

माझं हसू केव्हा गेलं, ते मला कळलं नाही. मला काहीतरी आठवायचं होतं आणि आठवत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सांगलीला विश्रामबागेत तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी पाटी पुढे ठेवली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

“वाचलीस.”

“हो.”

“बैस.”

“ती येरळा मी आहे?”

“यंत्राला तू कोण ते कुठं माहीत?” मंदा म्हणाली. “मला माहीत होतं.”

“इतका राग, मंदा? मी तुला केलं तरी काय?”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “हे गेल्यावर स्मरणिका काढली होती. त्यात माझं दीड पानाचं टिपण होतं. तुला म्हटलं, एकदा नजर टाक. तू दुसऱ्या दिवशी परत आणून दिलंस. अकरा खुणा होत्या, कालिंदी. लाल. आणि खाली लिहिलं होतंस, ‘भावना पोचतात, पण रचना विस्कळीत.’”

आता आठवलं. खुणा बरोबर होत्या, हेही आठवलं आणि त्याची जास्त लाज वाटली.

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुला? तू माझं बोलणंही सुधारून दिलं असतंस.” तिनं हात पुसले आणि पुढे केला. “आता तुझी आण इकडे.”

मी पिशवीतून माझी पाटी काढून दिली. ती खिडकीपाशी जाऊन वाचत बसली. काहीतरी हाताला हवं म्हणून मी मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाली. ती मधे एकदाही हसली नाही, एकदाही मान वर केली नाही. शेवटी तिनं पाटी माझ्यापुढे सरकवली.

“शनिवारी त्या पोरीला काय म्हणालीस? लेखकाला माणसांबद्दल इतकी तुच्छता असेल तर त्यानं लिहू नये.”

मी मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

“एकेक जण येतो, येडपटासारखं बोलतो, तोंडावर पडतो, की दुसरा. चारशे पानं. तुझी बाहुली तिथं मोठी होत होती, होय ना? कोण पडलं की.” ती थांबली. “माझ्या पुस्तकात तू तरी आहेस, कालिंदी. शिव्या घालायला का होईना, पण मी तुला पानोपानी शोधत होते. तुझ्या पुस्तकात कोणीच नाही.”

मी उठले. दारापर्यंत ती आली नाही.

त्या आठवड्यात मी फार कोणाशी बोलले नाही. कादंबरी उघडली नाही. भाजीवाल्यानं फळ्यावर ‘कोथींबिर’ लिहिलं होतं, ते बघितलं आणि पुढे गेले. शुक्रवारी तासगावची विजेवरची बस धरली.

तेजल शीतगृहाच्या दारात अंगात जाड जाकीट घालून उभी होती. मला बघून तिला आनंद झाला नाही.

“तुझी वही राहिली होती,” मी म्हणाले. “आणि मला मूळ कादंबरी हवी आहे. तू लिहिलेली. कागदावर.”

“कशाला? अजून काही राहिलंय का म्हणायचं?”

“शनिवारी मी जे बोलले, ते तुझ्या पुस्तकाबद्दल नव्हतं. माझ्या पुस्तकाबद्दल होतं. तुझं मी वाचलेलंच नाही.”

तिनं माझ्या हातातून वही घेतली. मग आत जाऊन दोरीनं बांधलेलं एक बाड घेऊन आली. शीतगृहाच्या कँटीनमध्ये बसून मी ते वाचायला लागले. दुपारची पाळी संपली, चहा तीनदा झाला. सहा वाजता ती समोर येऊन बसली.

“कितपत झालं?”

“एकशे चाळीस पानं.”

“काकू, खरं सांगा.” तिनं टेबलावरच्या माझ्या पाटीकडे बोट केलं. “ते जास्त चांगलं आहे का?”

तिच्या समाधानासाठी खोटं बोलायचं सुचलंच नाही. मला ते येत नाही.

“वाचायला ते सोपं आहे,” मी म्हणाले. “त्यात एकही पान अडत नाही. तुझं पहिलं प्रकरण लांबलंय. दुसऱ्यात नदीचं वर्णन तू दोनदा केलंस. शुद्धलेखनाबद्दल आज मी काही बोलणार नाही. मगर मला अजूनही मान्य नाही.”

“म्हणजे तेच चांगलं.”

“ऐक तर. एकतिसाव्या पानावर तुझी राणी असं काही करते, की मी बाड आपटलं. कँटीनच्या पोरांनी वळून बघितलं. मला ते पटलं नाही, आवडलं नाही, आणि तीन वेळा मागे जाऊन वाचलं. चारशे पानं मी त्या यंत्राबरोबर काढली, त्यात एकदाही मला कोणी विरोध केला नाही. मी म्हणेन ते, मला हवं तेव्हा. असं पुस्तक मला माझ्यावाचून दुसरं काय दाखवणार?”

तेजल टेबलाकडे बघत होती. “प्रकाशक म्हणतात, मूळ प्रत ठेवली तर शंभरातले तीससुद्धा शेवटाला जाणार नाहीत.”

“नाही जाणार. बरोबर आहे त्यांचं.”

“मग?”

“मग तीस जणांसाठी लिही, नाहीतर सत्तर जणांना यंत्राच्या हवाली कर. ते तुझं तू ठरव. उद्या चार वाजता मिरजेला ये. हे बाड आम्हाला मोठ्यानं वाचायचंय. पाटीवर नाही. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, म्हणजे सगळ्यांना एकच ओळ एकदम ऐकू येईल. आम्ही शिव्या घालू. चालेल?”

तिनं जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली. “येते,” म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी मंदाला फोन केला. तिनं उचलला नाही. मी निरोप ठेवला. त्यात एक वाक्य चुकलं, मी ते तसंच राहू दिलं. “त्या अकरा खुणांबद्दल मला माफ कर. उद्या आपण वाचणार आहोत, तू येशील तर येशील.”

शनिवारी चार वाजता चौगुले आले, समीर खालून हात धुऊन वर आला, तेजल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. सव्वाचारला मी सुरुवात केली. महामंत्री कण्हेर दुसऱ्या प्रकरणात तापानं गेले, तेव्हा चौगुले इतके दुखावले की त्यांनी बेदाणे बाजूला सारले. पाचला जिन्यावर पावलं वाजली. मंदा आली. नेहमी ती माझ्या शेजारी बसायची, आज समोर बसली. मी वाचत राहिले. पहिली तीन प्रकरणं झाली आणि चौथ्यात ते पान आलं.

काळवेल या जादूच्या वेलीची भिंत फक्त एकदा उघडते. राणी वेण्णा आत शिरते. बाहेर तिचा भाऊ अग्रण जखमी पडलाय, हाका मारतोय. ती वळून बघते आणि भिंत बंद करते. लेखिकेनं कारण दिलेलं नाही. एका वाक्यात उरकलंय.

“हे काय?” समीर म्हणाला. “भाऊ बाहेर राहिला!”

“मूर्ख आहे ती,” मी म्हणाले. “दोन पावलांचं अंतर. ओढून घेता आलं असतं.”

“मूर्ख नाही,” समोरून मंदा म्हणाली. “दमलीय.”

“दमली म्हणून कोणी सख्ख्या भावाला—”

“लावतं. दमलेलं माणूस दार लावतं. तू कोणाचं दुखणं काढलंयस कधी दोन वर्षं? मी काढलंय. शेवटी शेवटी मीसुद्धा बाहेर जाऊन उभी राहायची आणि त्यांची हाक ऐकू आली नाही असं दाखवायची.”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी ते गिळलं. तरी गप्प बसवेना.

“मग पुढं तिनं एकदा तरी रडायला हवं होतं,” मी म्हणाले.

“का? तुला दिसावं म्हणून?”

“दिसावं म्हणून नाही, मंदा, पटावं म्हणून!”

“खरं तर मला तिथं असं म्हणायचं होतं, की—” तेजलनं स्टुलावरून सुरुवात केली.

“तू गप्प बस!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

चौगुले खो खो हसायला लागले. मंदा हसली नाही. पण ती उठली, खुर्ची ओढत माझ्या बाजूला आली आणि बाडावर वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं.

“परत वाच हे. सावकाश.”

मी वाचलं.